फरसाणाचा डबा कुठे ठेवलाय?

दुपारी चारला चहा झाला की हात डब्याकडे जातो. भूक असतेच असं नाही. आईला मधुमेह निघाला तेव्हा आम्ही सगळे तिला "जरा मनावर घे" म्हणून बजावत होतो आणि फरसाणाचा डबा मात्र ओट्यावर, चहा-साखरेच्या डब्यांना लागूनच होता. मनावर तिनं घेतलंच होतं. चुकत होतो ते आम्ही.

मोह आवरणं ही इच्छाशक्तीची परीक्षा आहे, हा समज जुना. १९९८ साली अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमायस्टर यांनी विद्यार्थ्यांसमोर ताजी भाजलेली चॉकलेटची बिस्किटं आणि मुळे ठेवले. ज्यांना फक्त मुळेच खायला सांगितलं होतं, त्यांनी नंतर दिलेलं न सुटणारं कोडं साधारण ८ मिनिटांत सोडून दिलं. बिस्किटं खाल्लेले जवळपास १९ मिनिटं झटत राहिले. इच्छाशक्ती वापरली की खर्ची पडते, असा त्यातून अर्थ काढला गेला. पण २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून दोन हजारांहून जास्त लोकांवर ही कल्पना तपासली, तेव्हा परिणाम शून्याच्या आसपास निघाला. तो वाद अजून चालू आहे.

मला त्याहून मोलाचं वाटतं ते बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधलं काम. तिथल्या डॉक्टर अ‍ॅन थॉर्नडाइक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली रुग्णालयाच्या कॅन्टीनमध्ये दोन टप्प्यांत बदल केले. आधी प्रत्येक पदार्थाला सिग्नलसारखे रंग दिले: चांगल्याला हिरवा, मधल्याला पिवळा, टाळण्यासारख्याला लाल. तीन महिन्यांनी मांडणी बदलली. हिरवी पेयं नजरेच्या उंचीवर आली, लाल पेयं तिथून हलली आणि पाण्याच्या बाटल्या टोपल्यांत भरून जेवणाच्या काउंटरांजवळ ठेवल्या. कुठलाही पदार्थ बंद केला नाही, कुणाला उपदेश केला नाही. दुसऱ्या टप्प्यात बाटलीबंद पाण्याची विक्री सुमारे २६ टक्क्यांनी वाढली. दोन वर्षांनी पाहिलं तर पेयांच्या विक्रीतला लाल पेयांचा वाटा २६ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर आलेला होता. दोन वर्षं! एवढा काळ टिकलेले संकल्प मी तरी फार पाहिलेले नाहीत.

रांगेत उभं असताना माणूस प्रत्येक घासाचा विचार करत नाही. समोर दिसेल, हाताला लागेल ते उचलतो. रोज त्याच जागी, त्याच वेळी तेच उचललं, की त्याची सवय होते आणि मग मनाला बजावत बसावं लागत नाही.

सवय लागायला किती दिवस? २१ दिवसांचा आकडा सगळीकडे सांगितला जातो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांना १२ आठवडे रोज एक छोटी गोष्ट करायला सांगितली, उदाहरणार्थ दुपारच्या जेवणासोबत एक फळ. ज्यांच्या सवयीचा आलेख नीट काढता आला, त्यांच्यात मधला आकडा ६६ दिवसांचा आला. पण कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. म्हणून तीन आठवड्यांत जमलं नाही याचा कुणी स्वतःला दोष देऊ नये, असं मला कळकळीनं वाटतं.

आमच्याकडे डबा आता माळ्यावर आहे. त्याला बंदी नाही, पण स्टूल आणून चढावं लागतं. ओट्यावर काचेच्या बरणीत फुटाणे असतात आणि हंगामात पेरू. पहिले काही दिवस आईची नजर जुन्या जागी जायची. हल्ली चहाचं आधण ठेवलं की तीच बरणीचं झाकण उघडते. मध्ये एका लग्नाला गेलो होतो, तिथे तिनं जिलबी खाल्ली आणि घरी आल्यावर म्हणाली, "झालं, मोडलं सगळं." मी तिला लॅलींच्या अभ्यासातली आणखी एक नोंद सांगितली: मध्ये एखादा दिवस चुकला, तरी सवय लागण्यात म्हणावा तसा फरक पडला नव्हता. दुसऱ्या दिवशी चार वाजता तिनं बरणी उघडली.