घरच्या बागेतली मिरची आणि सिमला मिरची (नागपूर)

नागपुरात अंगणात, गॅलरीत नाहीतर गच्चीवर कुंड्या मांडून तिखट मिरची आणि सिमला मिरची लावतात त्याची ही माहिती. दोन्ही दिसायला अन चवीला इतक्या वेगळ्या, पण झाड एकाच जातीचं, शास्त्रीय नाव कॅप्सिकम ॲन्यूम, वांगं, टमाटर, बटाटा अन तंबाखूच्या कुळातलं. मूळ अमेरिका खंडातलं, आपल्याकडे पोर्तुगीजांनी १६व्या शतकात आणलं, त्याआधी इथल्या स्वयंपाकात तिखट म्हणजे मिरे, पिंपळी अन आलं. सिमला मिरचीला पुण्यामुंबईकडे ढोबळी किंवा भोपळी म्हणतात. तिच्यात कॅप्सेसिन, म्हणजे तिखटपणा आणणारं द्रव्य, बनतच नाही, म्हणून अमेरिकन औषधतज्ज्ञ विल्बर स्कोव्हिल यांनी १९१२ मध्ये काढलेल्या तिखटपणाच्या मापावर तिचा आकडा शून्य येतो. आणि तिखट मिरचीचा तिखटपणा बियांत नसतो बरं, तो बिया ज्याला चिकटलेल्या राहतात त्या आतल्या पांढऱ्या भागात बनतो, बियांना नुसता लागतो.

मिरची नागपूरकरांना नवीन नाही. जिल्ह्यातल्या भिवापूरच्या मिरचीला जीआय (भौगोलिक) मानांकन आहे, तिकडे लाल मिरची वाळवून देठ खुडायचं काम सातऱ्यांवर, म्हणजे मिरची पसरायच्या मोकळ्या जागांवर, चालतं अन शेकडो बायांच्या हाताला त्यावर काम मिळतं, आणि शहरात कळमन्याच्या बाजारात लाल मिरचीचे ढीग लागतात. पण शेतात येते म्हणून गच्चीवर तशीच येईल असं नाही, कारण गच्ची म्हणजे तापलेला स्लॅब.

इथे मिरची लावणाऱ्याने पहिले एक गोष्ट समजून घ्यावी, ती म्हणजे फूल का गळतं. दर मार्चमध्ये लोक विचारतात की झाड हिरवंगार आहे, फुलं भरपूर येतात पण सगळी गळतात, कोणतं खत टाकू, अन मग कोणीतरी युरिया सांगतो. खताचा प्रश्नच नसतो बहुतेक वेळा. दिवसाचं तापमान ३२-३५ च्या वर गेलं अन रात्रही गरम राहिली की पराग नीट काम करत नाही, फळ धरत नाही, झाड फूल टाकून देतं, आणि त्यात युरिया दिला तर नुसती पानं माजतात अन फुलं आणखी कमी होतात. नागपूरचा मे म्हणजे ४५ च्या आसपास, २०१३ च्या मे महिन्यात तर ४७.९ नोंदलं गेलंय. तिखट मिरची हे दिवस कशीबशी काढते, सिमला मिरची नाही काढत. तिला थंडी आवडते असं म्हणतात तेही अर्धंच खरं, कारण रात्र १२-१३ च्या खाली गेली की तिची फळं लहान अन वेडीवाकडी होतात, आणि इथे डिसेंबर २०१८ मध्ये पारा ३.५ वर गेला होता. म्हणजे सिमला मिरचीला आपल्याकडे जागा आहे ती दिवाळीच्या आसपासपासून फेब्रुवारीपर्यंत, मध्ये कडाक्याचे आठ-पंधरा दिवस सोडून. म्हणून तिचं बी ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरात टाकायचं, नोव्हेंबरात टाकून उशीर केला तर फुलं येईपर्यंत ऊन चढतं अन सगळी मेहनत वाया जाते. तिखट मिरचीचं बी जूनमध्ये टाकलं तर चालतं, पण रोप झडीच्या पावसात उघड्यावर ठेवू नये, मर लागते, म्हणजे कोवळा दांडा मातीजवळ सडून रोप आडवं पडतं.

बी ८ ते १२ दिवसांत उगवतं, ५-६ आठवड्यांनी रोप कुंडीत लावायचं. कुंडी १२ इंची हवी, एकीत एकच झाड. काळी माती नुसती भरू नका, ओली झाली की चिखल अन सुकली की भेगा, मुळांना हवा मिळत नाही, तिच्यात रेती अन चांगलं कुजलेलं शेणखत निम्म्याच्या जवळपास मिसळावं. जातींमध्ये कुंडीसाठी पुसा ज्वाला चांगली, पातळ लांब मिरची, भरपूर लागते. पुसा सदाबहारला मिरच्या झुपक्यात अन वर तोंड करून येतात आणि झाड दोन-तीन वर्षं टिकतं. सिमला मिरचीत कॅलिफोर्निया वंडरचं बी सहज मिळतं. हिरवी सिमला मिरची झाडावरच ठेवली की लाल होते, वेगळं झाड लागत नाही, फक्त वाट पहावी लागते. अन शेजारी तिखट मिरची लावली म्हणून यंदाची सिमला मिरची तिखट होत नाही, मधमाश्यांमुळे पराग मिसळला तर त्याचा परिणाम त्या बियांपासून पुढच्या वर्षी येणाऱ्या झाडात दिसतो.

पाणी रोज ठराविक द्यावं, दोन दिवस कोरडं अन मग एकदम भरपूर असं केलं तर कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही अन सिमला मिरचीचं बूड काळं पडतं. उन्हाळ्यात घरोघरी कूलरचं उरलेलं पाणी कुंड्यांत ओततात, ते मिरचीला देऊ नये, पाणी उडून उडून त्यात क्षार साचलेले राहतात, कूलरच्या टाकीला जो पांढरा थर बसतो तोच मातीत जातो.

सगळ्यात जास्त झाडं जातात चुरडा-मुरड्याने, काही जण बोकड्या म्हणतात. पानं वरच्या बाजूला होडीसारखी वळली तर बहुतेक फुलकिडे, खाली वळली तर कोळी (जाळं विणणारा नाही, पानांतला रस शोषणारी बारीक कीड), आणि झाड खुरटून पानांचा गुच्छ झाला तर पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. पहिल्या दोन्हींवर सुरुवातीलाच निंबोळी अर्क चालतो, ५० ग्रॅम कुटलेल्या निंबोळ्या १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवून गाळायच्या अन संध्याकाळी पानांच्या खालून फवारायचं. विषाणूवर औषध नाही, झाड उपटून टाकावं, जीव तुटतो पण बाकीची वाचतात. खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) घोटून तसेच हात झाडाला लावू नयेत, तंबाखूतला मोझॅक विषाणू मिरचीलाही होतो, साबणाने हात धुवूनच काम करा.

लावल्यापासून दोन-अडीच महिन्यांत तोडा सुरू होतो, मिरची देठासकट तोडत राहिलं की नवीन फुलं येत राहतात. उन्हाळ्यात तिखट मिरचीचं झाड फेकायची घाई नको. मार्चपासून हिरव्या जाळीखाली न्या, कुंडी विटांवर उचलून ठेवा, मातीवर कडुनिंबाचा सुकलेला पाला पसरवा, फुलांची अपेक्षा सोडा अन फक्त झाड जिवंत ठेवा. नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, संपला की वरून तिसरा हिस्सा छाटायचा अन मूठभर शेणखत द्यायचं, पहिला पाऊस पडला की त्याच खोडाला नवीन फुटवे येतात.