कुंडाचा काठ क्रॉमवेलच्या सैनिकांनी फोडला?

इंग्लंडमधल्या जुन्या गावचर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडाचा काठ फुटलेला दिसला की ‘क्रॉमवेलच्या सैनिकांचं काम’ असं हमखास सांगतात. (क्रॉमवेल म्हणजे सतराव्या शतकातल्या इंग्लंडच्या यादवी युद्धातला प्युरिटन सेनानी; चर्चमधल्या मूर्ती फोडल्याचा ठपका त्याच्या सैनिकांवर ठेवतात.) बहुतेकदा हे खरं नसतं. काठ जवळून बघा: टवके समोरासमोर दोन जागी, भोकात कधी गंजाचा तांबूस डाग, कधी ओतलेलं शिसं. इथे झाकणाच्या कुलपाच्या लोखंडी कड्या होत्या. पवित्र केलेलं पाणी कुंडात आठवडेच्या आठवडे राही. जादूटोण्यासाठी ते कुणी नेऊ नये म्हणून १२३६ साली कँटरबरीचे आर्चबिशप एडमंड यांनी कुंडं कुलूपबंद ठेवायला फर्मावलं. लोखंड गंजून फुगतं, दगड तडकतो. पुढे कड्या उपटतानाही टवके उडाले. मूर्तिभंजकांचा घाव सहसा कोरलेल्या चेहऱ्यांवर सापडतो.