तंबूवर पाणी आलं कुठून?

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात, एका ओळखीच्या वावरात आम्ही दोघांनी जानेवारीत तंबू टाकला. नळ नाही, संडास नाही, वीज नाही. पाण्याचे दोन कॅन आणि एक बॅटरी. जागा निवडली ती नाल्याकाठची, सपाट आणि मऊ. हरभऱ्यात रानडुकरं शिरू नयेत म्हणून जागलीला आलेले एक काका धुऱ्यावरूनच म्हणाले, "तिकडं कायले तंबू टाकता, भाऊ? राती सारी थंडी तिथंच येऊन बसते."

आम्ही हसलो आणि खुंट्या ठोकल्या. पहाटे चारला जाग आली ती तोंडावर थेंब पडला म्हणून. बाहेर आभाळ कोरडं ठणठणीत, चांदण्या स्वच्छ. तंबू मात्र आतून-बाहेरून ओला!

या पाण्याचा शोध सुरू होतो वर, आभाळात. जगातली प्रत्येक वस्तू, अगदी थंडगार दगडसुद्धा, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या रूपाने सतत उष्णता बाहेर टाकत असते. 10 अंश सेल्सिअसचं कापड दर चौरस मीटरमागे सुमारे 360 वॅट ऊर्जा फेकतं. वरून हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड काही उष्णता परत पाठवतात. पण साधारण 8 ते 13 मायक्रोमीटर तरंगलांबीच्या पट्ट्यात निरभ्र, कोरडी हवा जवळजवळ पारदर्शक असते. त्या खिडकीतून उष्णता थेट अवकाशात निसटते. त्यामुळे विदर्भातल्या हिवाळ्याच्या कोरड्या रात्री आभाळ हे जमिनीलगतच्या हवेपेक्षा वीसेक अंशांनी थंड असलेल्या छतासारखं वागतं. कापडाकडे परत येतात 270 वॅटच्या आसपास. म्हणजे 90 वॅटचा तोटा, रात्रभर. वाळवंटात दिवसा भाजून निघालेला माणूस रात्री कुडकुडतो, त्यामागेही हेच गणित आहे. आणि आभाळ आलं की थंडी पळते, हे आपल्याकडे शाळेत न गेलेल्या आजीलाही ठाऊक असतं. ढग ती खिडकी बंद करतात.

तंबूचं कापड पातळ, त्यात साठलेली उष्णता नगण्य. त्यामुळे ते आजूबाजूच्या हवेपेक्षाही थंड होतं, दवबिंदूच्या, म्हणजे हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं त्या तापमानाच्या, खाली जातं आणि हवेतली वाफ त्यावर दहिवर होऊन बसते. आतलं पाणी मात्र आमचंच. झोपलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला साधारण 30 ग्रॅम वाफ सोडतो. दोघांची आठ तासांची बेरीज अर्ध्या लिटरच्या आसपास जाते. थंडी लागते म्हणून आम्ही सगळ्या चेन गच्च लावल्या होत्या, त्यामुळे तो अर्धा लिटर बाहेर जायला वाटच उरली नव्हती. वरच्या बाजूची झडप उघडी ठेवली असती तर थोडं गार लागलं असतं, पण कोरडं राहिलो असतो. लाखो रुपयांच्या कॅराव्हॅनमध्येही खिडक्या बंद करून झोपलात, तर सकाळी काचांवरून असेच ओघळ येतात.

दव वरून पडतं की जमिनीतून वर येतं, यावर पूर्वी बराच वाद होता. लंडनमधले डॉक्टर विल्यम चार्ल्स वेल्स यांनी 1814 साली तो जवळपास मिटवला. त्यांनी एक फळी जमिनीपासून उंच बसवली आणि तिच्या वर व खाली सारख्याच वजनाचे लोकरीचे पुंजके ठेवले. सकाळी वरचा पुंजका खालच्यापेक्षा कितीतरी जड भरला. हवा दोघांनाही तीच होती. फरक एवढाच, की वरच्याला आभाळ दिसत होतं आणि खालच्याला फळी. त्याच वर्षी रॉयल सोसायटीने त्यांना रमफर्ड पदक दिलं. हा प्रयोग तुमच्या अंगणातही रोज होतो. उघड्यावर लावलेल्या गाडीचं टप निथळतं, कडुनिंबाखालची गाडी कोरडी राहते.

आपल्या देशात तर याच्या जोरावर बर्फ बनायचा. अलाहाबादकडे हिवाळ्यात उथळ मातीच्या भांड्यांत पाणी घालून ती खड्ड्यात वाळक्या धाटांवर उघड्यावर ठेवत. धाटांमुळे जमिनीची ऊब भांड्यांपर्यंत पोचत नसे. हवेचं तापमान शून्याच्या वर असतानाही पहाटे भांड्यांत बर्फ मिळे. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत अधिकारी राहिलेले रॉबर्ट बार्कर यांनी ही पद्धत 1775 साली इंग्लंडला कळवली होती. भांड्यांच्या छिद्रांतून होणाऱ्या बाष्पीभवनाचाही त्यात हातभार होता, पण मोठी मदत आभाळाची.

आता काकांचं वाक्य. वावराची माती अशीच आभाळाकडे उष्णता सोडते आणि तिला चिकटलेली हवा थंड होते. थंड हवा जड. वारा नसेल तर ती उतारावरून पाण्यासारखी घरंगळत नाल्यात येते आणि खरोखरच बसते. दहा-पंधरा मीटर उंचीच्या फरकानेही दोन-तीन अंश सहज बदलतात. रात्री काकांनी तुराट्यांची शेकोटी केली होती. तिचा धूर थोडा वर गेला आणि अदृश्य छताला अडल्यासारखा आडवा पसरला. ते छत म्हणजे वरची उबदार हवा. त्याच थरामुळे आवाजाच्या लाटा खाली वळतात. दूरच्या गावातलं भजन त्या रात्री शेजारच्या वावरात चालल्यासारखं ऐकू येत होतं. या सगळ्या खुणा आमच्यासमोर होत्या, आम्ही फक्त फोटो काढले.

काकांची सोय बघा. धुऱ्याच्या उंच टोकाला चार खांब, वर पळसाच्या पानांचं जाडसर छप्पर, चारही बाजू मोकळ्या. बाजेवर कुटाराचं, म्हणजे भुशाचं, पोतं आणि वर गोधडी. आमच्या महागड्या स्लीपिंग बॅगची खालची बाजू अंगाखाली चेपून चपाती झाली होती. ऊब धरते ती कापसात अडकलेली हवा. ती दाबून बाहेर काढली की जमीन अंगातली उष्णता शोषत राहते. कुटार तितकं चेपत नाही.

उजाडल्यावर नाल्यावर धुवारी पसरलेली होती आणि तिच्यात आमचा तंबू अर्धा बुडाला होता. काका चहाला बोलवायला आले. त्यांची गोधडी कोरडी होती, फक्त एक कोपरा ओला. तेवढाच रात्री छपराबाहेर लोंबत होता.