टेम्पोत सायकल बांधायची तर कुठला पट्टा: रॅचेट की कॅम बकल?

दोन्ही पट्टे पॉलिएस्टरचे, दोन्हींच्या टोकाला हुक, रंगही बऱ्याचदा सारखाच. त्यामुळे टेम्पोत सायकली चढवताना हाताला लागेल तो पट्टा उचलतात आणि वर म्हणतात, "पट्टा तो पट्टा, घट्ट बसला म्हणजे झालं." मुलुंड चेकनाक्यावरून कसाऱ्याला निघताना जवळजवळ प्रत्येक वेळी हे कानावर पडतं. या एका वाक्यापायी चांगल्या फ्रेम्स गेलेल्या मी पाहिल्यात, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

रॅचेट तुम्हाला माहीत आहे. घर बदलताना फ्रिज, कपाट त्यानंच बांधलेलं असतं. दांडी वरखाली केली की टक-टक करत पट्टा मधल्या रुळावर गुंडाळला जातो. कॅम बकलला ना रूळ, ना दांडी. दाते असलेली एक धातूची पट्टी आणि तिच्यामागे स्प्रिंग, एवढंच. मोकळं टोक हातानं ओढायचं, सोडलं की दाते पट्ट्याला धरतात आणि उलटा ताण आला की आणखी रुततात. सोडवताना अंगठ्यानं दाबायचं. स्कूटरवर सामान बांधायची इलॅस्टिकची दोरी या चर्चेतच नको. ती खड्ड्यागणिक ताणली जाते आणि सायकल नाचत राहते.

आता खरा फरक. कॅम बकलमध्ये तुमच्या हातात जेवढा जोर, तेवढाच ताण पट्ट्यात येतो. रॅचेट तो जोर कित्येक पटींनी वाढवतो. युरोपीय मानकाच्या रॅचेट पट्ट्यावर एक लेबल शिवलेलं असतं. त्यावर एसएचएफ म्हणजे दांडीवर लावलेला हाताचा जोर, तो 50 डेकान्यूटन धरतात, म्हणजे साधारण 50 किलोच्या वजनाइतका. एसटीएफ म्हणजे त्या जोरानं पट्ट्यात उरणारा ताण. टेम्पोवाल्यांकडच्या दोन इंची पट्ट्याला हा आकडा 300 डेकान्यूटनच्या आसपास, कधी त्याहून बराच जास्त असतो.

सायकलीला लागतो किती? माल बांधायच्या हिशेबात जोराच्या ब्रेकला पुढच्या दिशेनं वजनाच्या 0.8 पट आणि वळणावर बाजूला 0.5 पट बल धरतात. एमटीबी म्हणजे माउंटन बाइक 15 किलोची धरली तर पुढे 12 किलो, बाजूला साडेसात. आपल्या रस्त्यांसाठी हे दुप्पट करा, तरी 25 किलोच्या आतच राहतं. एवढा ताण कुणाचाही हात देतो. मग 300 कशाला?

घोळ "घट्ट" या शब्दात आहे. पट्टा ताणलेला असणं वेगळं आणि सायकल न हलणं वेगळं. पाच सायकलींच्या वरच्या दांड्यांवरून एकच रॅचेट आवळला तर पट्टा तारेसारखा ताणला जाईल, पण हँडलं डुलतच राहतील आणि एकीचं पेडल दुसरीच्या तारांत घुसेल. सायकल स्थिर राहते ती दोन पट्ट्यांनी विरुद्ध दिशांना धरल्यावर: एक पुढच्या चाकाच्या रिमला, एक मागच्या. ताण बेताचा असला तरी चालतो, दिशा मात्र चुकवून चालत नाही.

फ्रेमचा दांडा चालवणाऱ्याचं वजन पेलण्यासाठी घडवलेला असतो, बाजूनं आवळून घेण्यासाठी नाही. हलक्या अॅल्युमिनियम फ्रेमच्या दांड्याची भिंत मधोमध मिलिमीटरच्या आसपास असते. कार्बनच्या दांड्यात तर आतले थर सुटतात आणि वरून काही दिसत नाही. गोव्याहून परतताना आमच्यातल्या एकाच्या सायकलीचं हेच झालं. "दादा, बस आता," असं आम्ही टेम्पोवाल्याला म्हणालो, तर तो म्हणाला, "साहेब, अजून दोन टक मारतो, हलणार पण नाही." त्याचं काही चुकलं नाही, तो रोज कपाटं बांधतो. घरी आल्यावर फडक्यानं पुसताना वरच्या दांड्यावर केसाएवढी पांढरी रेघ दिसली. एक रुपयाच्या नाण्यानं वाजवत गेलो. सगळीकडे टण टण, रेघेपाशी थप्प. ती फ्रेम पुन्हा रस्त्यावर आली नाही. तेव्हापासून माझे चार कॅम पट्टे मी बरोबर नेतो आणि सायकली स्वतः बांधतो. पट्टे आपले आपण नेणं मला हेल्मेटइतकंच गरजेचं वाटतं.

कॅमच्याही खोडी आहेत. दात्यांत चिखल बसला की पट्टा सरकतो, म्हणून पावसाळी राइडनंतर जुन्या टूथब्रशनं दाते साफ करायचे. बकलच्या मागे मोकळ्या टोकाची एक गाठ मारायचीच. बकल फ्रेमजवळ नको, हौद्याच्या कडीजवळ हवं, नाहीतर धातू रंग खरवडतो. पट्ट्याला एक पीळ दिला की वाऱ्यानं फडफडत नाही. नायलॉनचा पट्टा घेऊ नका, भिजला की तो सैल पडतो. आणि कसाऱ्याकडे जात असाल तर पडघ्याच्या टोलनाक्याच्या आसपास एकदा थांबून हात लावून बघा.

रॅचेट टाकून द्या असं मी म्हणत नाही. छोट्या हत्तीच्या साधारण सात फुटी हौद्यात लाकडी फळी आडवी टाकून तिच्यावर फोर्कचे, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन पायांचे, क्लॅम्प बसवले, तर ती फळी हौद्याला रॅचेटनंच आवळावी. लाकडाला तो ताण सोसतो. पुढचं चाक काढून फोर्क क्लॅम्पमध्ये बसवायचा आणि मागचं चाक कॅमच्या पट्ट्यानं धरायचं. डिस्क ब्रेक हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा, असेल तर चाक काढल्यावर पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याची जाड घडी सरकवा, कारण कुणीतरी सहज ब्रेक दाबतोच आणि मग पिस्टन बाहेर येऊन पॅड चिकटून बसतात.