नव्या जिभेवर उगवलेला केस

जिभेच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन काही महिने झालेले असतात. एक दिवस टॉर्च घेऊन आरशासमोर तोंड उघडावं, तर जिभेवर चक्क काळा केस! पोटात गोळाच येतो. पण यात काहीही बिघडलेलं नसतं. जिभेची कापलेली जागा भरायला हाताची किंवा मांडीची कातडी लावलेली असते. तिथे केस येत होते, म्हणून इथेही येतात. ते कापता येतात, लेझरनेही काढता येतात.

या तुकड्याला डॉक्टर फ्लॅप म्हणतात. तो सोबत स्वतःची धमनी आणि शीर घेऊन येतो. जेमतेम दोन-तीन मिलिमीटरच्या या नळ्या मायक्रोस्कोपखाली, केसाहून बारीक धाग्याने, मानेतल्या रक्तवाहिन्यांना जोडतात. मनगटाजवळच्या कातडीची ही पद्धत चिनी सर्जननी १९८१ साली प्रसिद्ध केली. पहिले दोन-तीन दिवस नर्स रात्रीतून पुन्हा पुन्हा उठवते ती या जोडलेल्या नळ्यांतून रक्त नीट वाहतंय ना, हे बघायला. फ्लॅप निळा-जांभळा पडला तर रक्त तुंबलंय, पांढराफटक पडला तर पोचतच नाहीये. वेळेत लक्षात आलं तर बहुतेकदा वाचवता येतो.

जगला, तरी तो कातडीच राहतो. त्याला चव कळत नाही, लाळ सुटत नाही. सतत ओला राहून तो पाण्यात भिजलेल्या बोटांसारखा पांढुरका दिसतो. मांडीची चरबी तोंडात आली तरी चरबीच असते, त्यामुळे वजन वाढलं की फ्लॅपही फुगू शकतो!

सगळ्यात जपायचं ते बधिरपणाला. चेतातंतू तुटलेले असतात. कडेकडेने थोडी जाणीव हळूहळू परतते, पण सगळ्यांना सारखी नाही. तोवर गरम घोट आधी ओठाला लावून बघायचा. घास गालात अडकून बसला तरी कळत नाही, म्हणून प्रत्येक जेवणानंतर चूळ भरून टॉर्चने बघायचं.

फ्लॅप स्वतः हलत नाही, उरलेली जीभच त्याला ओढून नेते. जिभेचं टोक गेलं असेल तर त, ल, र अडखळतात. मागचा भाग गेला असेल तर क आणि ग. स्पीच थेरपिस्टबरोबर रोज थोडा थोडा सराव केला की बोलणं बरंच सुधारतं, आणि घरच्यांनी वाक्य पुरं होईपर्यंत थांबणं हीसुद्धा मोठी मदत असते. तोंड उघडण्याचा व्यायाम मात्र कंटाळा आला तरी सोडू नये. रेडिएशननंतर जबडा महिनोन्महिने आखडत जातो, आणि ३५ मिलिमीटरपेक्षा कमी उघडायला लागलं की घास घेणं, दात घासणं, तपासणी, सगळंच अवघड होतं.

केसाला घाबरू नका. फ्लॅपच्या कडेला न भरणारी जखम, टणक गाठ, रक्त किंवा मानेत नवी गाठ दिसली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना दाखवा. पहिली दोन वर्षं तर डोळ्यांत तेल घालून. आणि रेडिएशन झालेल्या जबड्यातला दात काढायचा असेल, तर दंतवैद्याला ते आधी सांगा. तिथलं हाड सहजी भरून येत नाही.