कांद्याच्या चित्रात रडतंय कोण?

मी नाशिकला आठवी-नववीच्या पोरांना मराठी शिकवते. मागच्या आठवड्यात फळ्यावर एक व्यंगचित्र काढलं, खुर्चीत पायावर पाय टाकून बसलेला कांदा आणि समोर डोळे पुसणारा माणूस, बस. खाली एक अक्षर लिहिलं नाही. शहरातली, कॉलेज रोडकडची पोरं लगेच ओरडली, मॅडम, कांदा भाव खातोय, गिऱ्हाईक रडतंय! कांदा पिकवणाऱ्या निफाडकडून एसटीने येणारा मुलगा शांतपणे म्हणाला, नाही, कांदा साठवणीच्या चाळीत बसून आहे, भावच नाही, रडतोय तो शेतकरी.

चित्र एकच आणि दोघंही बरोबर. चार्ल्स फिलमोर नावाचे भाषाशास्त्रज्ञ नेमकं बाजाराचंच उदाहरण द्यायचे, की विकणारा, घेणारा, माल आणि पैसा ही सगळी मिळून डोक्यात एक चौकट असते, आणि 'विकलं' म्हटलं की त्याच व्यवहाराची एक बाजू उजळते, 'विकत घेतलं' म्हटलं की दुसरी. माझ्या चित्रात शब्दच नव्हता, मग ज्याच्या घरात जी बाजू रोज बोलली जाते तीच त्याला दिसली.

आणि ते अश्रू बघा ना! कांदा चिरला की त्यातनं एक वायू सुटतो, तो डोळ्याला झोंबतो म्हणून पाणी येतं, ही झाली स्वयंपाकघरातली गोष्ट. बाजारातलं रडणं पैशाचं. चित्रात कोणी कांदा चिरतच नाहीये तरी पोरांना ते विचित्र वाटलं नाही, कारण मनाने दोन्ही प्रसंगांतलं थोडं थोडं घेऊन तिसराच प्रसंग तयार केला ज्यात एकच थेंब दोन्हीकडचं काम करतो. फोकोनिए आणि टर्नर या भाषेच्या अभ्यासकांनी याला संकल्पनांचं मिश्रण म्हटलंय, मला तर ही मेंदूची फार सुंदर करामत वाटते. भाव 'चढतो', 'गडगडतो' हे पण असंच, भावाला कुठं पाय आहेत, पण ट्रॉलीत माल भरला की ढीग वर जातो हे लहानपणापासून बघितलेलं असतं. जास्त म्हणजे वर, हे लेकॉफ नावाचे भाषाशास्त्रज्ञ आणि जॉन्सन नावाचे तत्त्वज्ञ यांनी १९८० मध्येच मांडलंय.

म्हणून उत्तरपत्रिकेत 'महागाई' हा एकच शब्द बरोबर धरून त्या निफाडच्या पोराचे मार्क कापले जातात तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. त्याने चित्र जास्त बारकाईने वाचलेलं असतं.

चौकटच नसेल तर मात्र हुशार मूल पण अडतं. दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर गळ्यापर्यंत पाण्यात असलेला दुतोंड्या मारुती, म्हणजे रामकुंडाजवळ गोदावरीच्या काठावरची मोठी मूर्ती, काढला, वर्गाला क्षणात कळलं की गोदावरीला मोठा पूर आलाय. नागपूरहून नवीन आलेली मुलगी मात्र घाबरून म्हणाली, देव बुडतोय का? शेजारची म्हणाली, अगं, आमच्याकडं पूर मारुतीवरच मोजतात, गुडघे, कंबर, छाती असा. तिने परत फळ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, बाप रे, मग रामकुंडावरची दुकानं गेली असतील की!