बातमीदार प्राध्यापक होतो, त्यामागचं इंदूर

पंचवीस-तीस वर्षं बातमीदारी केलेला माणूस पत्रकारितेच्या वर्गात शिकवायला उभा राहिला, तर इंदूरला आता त्याचं नवल वाटत नाही. खंडवा रोडवर देवी अहिल्या विद्यापीठाच्या तक्षशिला परिसरात पत्रकारिता अध्ययनशाळा आहे, शहरातल्या इतर महाविद्यालयांतही हा विषय शिकवला जातो, आणि तिथे जुन्या बातमीदारांचे तास होतात. या वाटेचा इतिहास मात्र थोडा उलटा आहे. इंदूरमध्ये आधी शिक्षक वर्तमानपत्रात गेले. बातमीदार वर्गात आले ते त्यानंतर, आणि तेही बराच काळ पाहुणे म्हणूनच.

इथल्या छापील बातमीची सुरुवात 1849 च्या 'मालवा अखबार'पासून धरतात. हिंदी आणि उर्दू अशा दोन भाषांत ते निघे. राज्य होळकरांचं, घराघरांत मराठी, तरीही शहराच्या रोजच्या बातमीची भाषा पुढे हिंदीच झाली. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इंदुरात 1917, 1935 आणि 2001 असं तीनदा भरलं. नाट्यमंडळं टिकली, दिवाळीचे कार्यक्रम टिकले. पण रामबागेतल्या एखाद्या मुलाला बातमीदार व्हायचं असलं, तर त्याला हिंदीतच लिहावं लागे. याला मी तोटा मानत नाही. मराठी घरांतून हिंदी पत्रकारितेला जी माणसं मिळाली त्यांची परंपरा मोठी आहे. 1900 मध्ये 'छत्तीसगढ मित्र' काढणारे माधवराव सप्रे, काशीच्या 'आज'चे बाबूराव विष्णू पराडकर, लक्ष्मण नारायण गर्दे अशी ती रांग आहे. त्याच रांगेत इंदूरचे राहुल बारपुते येतात, आणि माझ्या मते इंदूरचे पत्रकारितेचे पहिले खरे प्राध्यापक तेच. त्यांच्या नावापुढे ती पदवी कधी लागली नाही, एवढंच.

'नई दुनिया' हा हिंदी दैनिक 5 जून 1947 रोजी इंदुरात सुरू झाला आणि बारपुते पुढे अनेक वर्षं त्याचे संपादक होते. त्यांची बैठक देवासच्या कुमार गंधर्वांशी, चित्रकार विष्णू चिंचाळकर गुरुजींशी आणि नाट्यभारतीच्या बाबा डिक्यांशी. गाणं, चित्र आणि नाटक यांच्या सहवासात वाढलेला हा संपादक नवा मुलगा निवडताना त्याची पदवी बघत नसे, त्याला काय लिहावंसं वाटतं ते बघे. 1955 मध्ये विशीतले राजेंद्र माथुर त्यांच्याकडे आले, त्यांना परराष्ट्र घडामोडींवर लिहायचं होतं. मध्य भारतातल्या एका प्रादेशिक दैनिकात जगाच्या राजकारणावर नियमित सदर चालवायचं, आणि ते धार जिल्ह्यातल्या बदनावरहून आलेल्या तरुणाच्या हाती द्यायचं, ही त्या काळात धाडसाचीच गोष्ट होती. बारपुत्यांनी जागा दिली. माथुर गुजराती कॉलेजात इंग्रजी शिकवत आणि वर्तमानपत्रासाठी लिहीत. दोन्ही कामं वर्षानुवर्षं चालली. शेवटी 1970 च्या सुमारास त्यांनी अध्यापन सोडलं आणि ते पूर्णवेळ 'नई दुनिया'त आले. तिथे ते प्रधान संपादक झाले आणि 1982 मध्ये दिल्लीला 'नवभारत टाइम्स'कडे गेले. इंदूर प्रेस क्लबच्या सभागृहाला आज त्यांचं नाव आहे.

प्रभाष जोशींची कथाही याच वळणाची. तेही आधी खेड्यातल्या शाळेत शिकवत होते. 1960 मध्ये विनोबांचा इंदुरात मुक्काम होता, त्याच्या बातम्या देता देता ते 'नई दुनिया'चे बातमीदार झाले. 17 नोव्हेंबर 1983 रोजी निघालेल्या 'जनसत्ता'चे ते पहिले संपादक. वर्गात शिकवणारी दोन माणसं एकाच संपादकाच्या हाताखाली तयार होऊन दिल्लीच्या दोन हिंदी दैनिकांच्या संपादकपदापर्यंत पोचली. ज्या संपादकीय विभागातून हे घडलं त्याला पत्रकारितेची शाळा म्हणतात, आणि ते योग्यच आहे. तिथे वेळापत्रक नव्हतं. लिहून दिलेली कॉपी परत येई, तोच धडा. 'संपादकाला पत्र' या सदरातूनही लिहिणारे हेरले जात.

उलट दिशेने गेलेलं एक मोठं नाव इंदूरच्याच होळकर कॉलेजातून आलं, म्हणून इथे थोडं थांबतो. गजानन माधव मुक्तिबोध 1938 मध्ये तिथून बी.ए. झाले. घरची भाषा मराठी, धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीत लिहिणारे, आणि ते स्वतः हिंदीचे कवी. नागपूरला 'नया खून' या साप्ताहिकात काम करून 1958 मध्ये ते राजनांदगावच्या दिग्विजय कॉलेजात प्राध्यापक झाले. शिकवलं ते हिंदी साहित्य. पत्रकारिता शिकवण्याची सोय त्या काळी या भागात जवळजवळ नव्हतीच.

जवळजवळ म्हटलं ते नागपूरमुळे. तिथल्या हिस्लॉप कॉलेजात 1952 मध्ये पत्रकारितेचा विभाग निघाला आणि तो उभा करायला फुलब्राइट योजनेतून रोलंड वुल्सली हे अमेरिकन प्राध्यापक आले. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होतं, तर इंदूर मध्य भारत या वेगळ्या राज्यात. पुणे विद्यापीठाचा विभाग 1964 चा, दिल्लीची भारतीय जनसंचार संस्था 1965 ची. इंदूर विद्यापीठही 1964 चंच, 1988 मध्ये त्याला देवी अहिल्यांचं नाव मिळालं. भोपाळला माखनलाल चतुर्वेदींच्या नावाचं पत्रकारिता विद्यापीठ 1990 च्या कायद्याने आलं. त्याचे पहिले महानिदेशक राधेश्याम शर्मा 'दैनिक ट्रिब्यून'चे संपादक राहिलेले होते. पुढे अच्युतानंद मिश्र आणि जगदीश उपासने हे पत्रकारही तिथे कुलगुरू झाले.

म्हणजे विद्यापीठाच्या वरच्या खुर्चीत पत्रकार बसू शकत होता. अडचण होती ती वर्गातल्या खुर्चीची. सहायक प्राध्यापक व्हायचं तर पदव्युत्तर पदवीत 55 टक्के गुण आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा हवी, प्रोफेसरपदासाठी पीएच.डी. हवी. कोर्ट, पोलीस आणि नगर निगम (म्हणजे महापालिका) यांच्या बातम्या तीस वर्षं सांभाळलेल्या बातमीदाराकडे यातलं काही नसे. पंचविशीत तो रात्रपाळी करत होता, नेटचा अभ्यास कधी करणार? मग तो अतिथी व्याख्याता म्हणून येई, तासाप्रमाणे मानधन घेई. परीक्षा कोणती घ्यायची, अभ्यासक्रमात काय घालायचं, यात त्याला मत नसे. हा अन्याय होता असं मला ठामपणे वाटतं, आणि तो त्या माणसापेक्षा विद्यार्थ्यांवर जास्त होता.

कारण तो जे शिकवतो ते पुस्तकात सापडत नाही. बातमीत काय, कोण, कुठे, केव्हा, का आणि कसं हे सहा प्रश्न हवेत, हे कोणीही सांगेल. अपघाताच्या रात्री मृतांचा आकडा पोलीस एक सांगतात आणि एम.वाय. रुग्णालय दुसरा सांगतं, तेव्हा कोणता छापायचा, हे अनुभवी माणूसच सांगू शकतो. ठाण्यात 'मर्ग कायम' झाला म्हणजे फक्त अकस्मात मृत्यूची नोंद झाली, गुन्हा नव्हे, हा फरक कळला नाही तर नवा मुलगा पहिल्याच आठवड्यात एखाद्या कुटुंबावर खुनाचा संशय छापून मोकळा होतो. निगमच्या अर्थसंकल्पात कुठलं पान आधी उघडायचं, पंचनामा कसा वाचायचा, ज्याच्यावर आरोप आहे त्याला फोन केव्हा करायचा, ही याच जातीची विद्या.

भोपाळचे राजकुमार केसवानी यांचं काम प्रत्येक वर्गात शिकवलं जायला हवं. डिसेंबर 1981 मध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यात एका कामगाराचा फॉस्जीन या विषारी वायूने मृत्यू झाला. केसवानींनी त्याचा माग काढला, कागद मिळवले आणि 1982 मध्ये आपल्या छोट्या 'रपट' साप्ताहिकातून शहराला धोक्याची सूचना दिली. जून 1984 मध्ये 'जनसत्ता'त पुन्हा दिली. कोणी दखल घेतली नाही. 2 डिसेंबर 1984 च्या रात्री वायू सुटला. एका मृत्यूच्या बातमीवरून कारखान्याच्या आतल्या कागदांपर्यंत कसं पोचायचं, हे स्वतः कागद मिळवलेल्या माणसाकडून ऐकण्यात जी ताकद आहे ती प्रश्नपत्रिकेसाठी काढलेल्या टिपणात नसते.

नियमांनी ही विद्या मान्य केली ती 2022 मध्ये. विद्यापीठ अनुदान आयोगाने 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' हे पद आणलं. आपल्या क्षेत्रातला किमान 15 वर्षांचा अनुभव हवा, पदवीची अट नाही. मंजूर पदांच्या 10 टक्क्यांपर्यंत अशा नेमणुका करता येतात, आणि ज्यांनी आयुष्यभर शिकवण्याचंच काम केलं त्यांच्यासाठी ही वाट नाही. अभ्यासक्रम ठरवण्यात या प्राध्यापकाचा हात असावा, हेही त्यात लिहिलं आहे. मानधनावरच्या पाहुण्याला जे मिळत नव्हतं ते निदान कागदावर तरी आलं.

मुदतीची मर्यादा मात्र मला खटकते. नेमणूक तीन वर्षांपर्यंत, अपवाद म्हणून आणखी एक वर्ष, एकूण चारच. एम.ए. दोन वर्षांचं आहे. म्हणजे अशा प्राध्यापकाच्या हाताखालून सुरुवातीपासून शेवटपर्यंत फार तर तीन तुकड्या जातील, आणि कॉपी तपासण्याची जी शिस्त तो विभागात रुजवू पाहील ती त्याच्यानंतर कोणी चालवायची, याची तरतूद विभागाला आधीच करून ठेवावी लागेल.